हिरवी तार

नानांच्या समोर गालातल्या गालात हसायची सोय नव्हती. खदखदून हसलात, टाळी देऊन हसलात तर चालायचं. पण कुणी आवाज न करता नुसते दात दाखवले की नाना हातातलं काम टाकून त्या माणसाच्या अगदी तोंडाशी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोला. काहीतरी बोला."

माझा भाऊ एकदा धुळ्याहून मला भेटायला आला होता. स्वभावाने लाजाळू. नानांनी ओट्यावर बसवून चहा दिला, चौकशी केली, "लग्नाचं काय?" म्हणून विचारलं. भाऊ खाली मान घालून हसला. झालं. नानांनी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून असं हलवलं की चहा धोतरावर सांडला. "बोला! बोला म्हणतो ना!"

"अहो, काय बोलू?" भाऊ घाबरून म्हणाला.

"हेच. एवढंच पुरे." नानांनी सुस्कारा सोडला, त्याला स्वतःचं धुतलेलं धोतर आणून दिलं आणि चहा पुन्हा करायला सांगितला. भाऊ त्यानंतर आमच्याकडे आला तो थेट आमची बदली झाल्यावर, चाळीसगावला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझं लग्न होऊन मी जळगावला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी नानांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मागे नानांची लाकडाची वखार. हे सकाळी कचेरीत जात, ते संध्याकाळी येत. दिवसभर मी, नाना, त्यांच्या भावजय अक्का आणि ती लाकडं. बाकी माणूस वखारीत फारसं टिकत नसे. हमाल ओंडके उतरवून पाणी पिऊन निघून जात. गिऱ्हाईक भाव ठरवून निघून जाई. कुणी रेंगाळत नसे. का, ते मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं.

खानदेशातलं ऊन काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा वेळी वखारीतली लाकडं तडकत. सागाचा मोठा ओंडका तडकला की बार उडाल्यासारखा आवाज होतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं दादर ज्वारीचं सूप उपडं झालं. आणि मग तो आवाज विरायच्या आत ओट्यावरून नानांचा आवाज आला, "हो, हो."

जसं कुणी हाक मारली आणि नानांनी ओ दिली.

पुन्हा लाकूड तडकलं. पुन्हा नाना, "हो, हो. आहे मी इथंच."

मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, म्हातारा एकटा असतो, बोलायला कुणी नाही, बोलत असेल लाकडांशी. मला ते पटलं, कारण नाना लाकडांशी बोलायचेच. बोटाच्या पेरांनी ओंडका ठोकायचे, कान लावायचे आणि सांगायचे, हा यावलच्या डोंगरातला, हा नवापूरकडचा. "डोंगरातलं लाकूड गावात आलं की वर्षभर रुसतं, सूनबाई. त्याला ओ द्यावी लागते." एरंडोलचा एक माणूस दारांसाठी लाकूड घ्यायला आला होता. त्याला पसंत पडलेला ओंडका नानांनी दिला नाही. म्हणाले, "त्याचं बोलणं अजून संपलं नाही. पुढच्या वर्षी या." तो माणूस जाताना आमच्या दाराकडे बघून कपाळाला हात लावून गेला.

नाना उंच, हाडकुळे. भुवयांत कायम लाकडाचा भुसा. पायात खडावा. अंगणात, वखारीत, न्हाणीतसुद्धा खडावा. पाऊल जमिनीला लागू द्यायचे नाहीत. दुपारच्या सामसुमीत त्या खडावांचा खटखट आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, मध्येच थांबायचा, आणि मला उगीचच वाटायचं की आता दुसऱ्या कुणाच्या तरी पावलांचा आवाज येईल.

आणि कडुनिंबाखालची ती जागा. तिथे नानांनी एक खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला होता, वर कोळसा आणि मीठ घातलं होतं, आणि रोज सकाळी आंघोळ झाली की पहिला तांब्या तिथे ओतायचे. आळीतल्या बायका म्हणत की नानांच्या मेलेल्या भावाचं काहीतरी तिथे पुरलंय. तांबं, कोळसा, मीठ, रोजचं पाणी, याचा दुसरा काय अर्थ होतो? एकदा कुणीतरी तिथे कुंकू लावलेलं लिंबू ठेवून गेलं. नानांनी ते काढलं नाही. लिंबाच्या कडेकडेने पाणी ओतलं. मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "विजेला घरी जायला वाट लागते, सूनबाई. ही तिची वाट. वाट कोरडी पडली तर ती माणसातून जाते."

नानांचा धाकटा भाऊ विजेनेच गेला होता. आम्ही राहायला यायच्या आदल्या उन्हाळ्यात. एवढं सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. अक्का ही त्या भावाची बायको.

अक्का यावलकडच्या एका खेड्यातल्या. अंगाने भक्कम, बोलायला मोजक्या. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली होती, पण गेल्या नाहीत. नानांचा स्वयंपाक करायच्या, त्यांचं ताट वाढून दाराआड उभ्या राहायच्या. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडाने बोलायची रीत नव्हती तेव्हा. पण इतर घरांत निदान भिंतीला उद्देशून, मुलांना पुढे करून बोलणं चाले. इथे मधे कुणीच नव्हतं. मी आले आणि ते काम माझ्याकडे आलं. "त्यास्ले सांग, मीठ संपनं." "तिला सांगा, उद्या जामनेरला जायचंय, भाकरी बांधून ठेव." दोघंही एकमेकांपासून चार हातांवर, आणि मी मधे. दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे बघायचं नाही. मला वाटे, रीतच आहे. रीतीपलीकडे त्यात काही असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी दुपारी दार लोटून पडले होते. झोप लागली नव्हती. वखारीतून आवाज यायला लागला. बारीक, एकसुरी, घर्रर्र. मधे जरा जड व्हायचा, जसं पातं लाकडात शिरलंय, मग पुन्हा हलका. लाकूड तडकल्याचा आवाज हा नव्हे, तो आता सवयीचा झाला होता. हा करवतीचा आवाज. नानांच्या भावाने लष्कराच्या खोक्यांचं काम मिळालं म्हणून मुंबईहून विजेची हातकरवत आणली होती, असं मी ऐकलं होतं. मला वाटलं, काढली वाटतं बाहेर. मी उठून मागच्या दारात गेले. वखारीत कुणी नव्हतं. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. आवाज आतून येत होता.

अक्का विहिरीपाशी भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं, "अक्का, करवत कोण चालवतंय?"

त्यांनी वर बघितलं नाही. "कोनबी नई."

"आवाज येतोय की."

"करवतले प्लगच नई शे, पोरी," त्या म्हणाल्या. "ती कशी चालस?"

मग त्यांनी भांडी तशीच टाकली आणि आत गेल्या. मी ओट्याकडे वळले तर नाना खांबाला धरून माझ्याकडे बघत उभे होते.

"तुम्हालाही ऐकू आलं?" त्यांनी विचारलं. आणि मी हो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ती भीती नव्हती. जत्रेत एकट्या पडलेल्या माणसाला गावातलं कुणी भेटावं, तसं काहीतरी. "मला वाटायचं फक्त मलाच."

हे रात्री जेवताना म्हणाले, लाकडात भुंगे असतात, ते पोखरताना असाच आवाज करतात. असेल. पुढे मी भुंग्यांचा आवाजही ऐकला. मध्येच जड आणि मध्येच हलका तो होत नाही.

त्या दिवसापासून नाना बदलले. रोज दुपारी माझ्या दाराशी येऊन, "आलं ऐकू?" म्हणून विचारत. कधी आलेलं असे, कधी नसे. एक दिवस म्हणाले, "मी ठरवलं. तिला प्लग लावतो."

"कशाला नाना? राहू द्या ना ती तशीच."

"जोडलेली नाही म्हणून ती अशी चालते. जोडली की माणसाच्या हुकमात येईल. बटण टाकलं की चालू, काढलं की गप्प."

लढाईमुळे बाजारात अशा वस्तू मिळत नव्हत्या. नानांनी कुणाकुणाला सांगून ठेवलं, आणि अखेर भुसावळहून तीन पायांचा एक काळा टणक प्लग आला. त्यांनी खोलीचं कुलूप काढलं. करवत गोणपाटात गुंडाळलेली होती. ती ओट्यावर आणून ठेवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, जरा वायर धरून बसा. एकट्याला जमायचं नाही."

वायरच्या टोकाला काहीच नव्हतं. फाटलेला कापडी वेढा आणि आतून बाहेर आलेली तारांची तोंडं. नानांनी आधी तो चेंगरलेला तुकडा कापून टाकला, चांगली वायर लागेपर्यंत. मग चाकूने वरचं रबर सोललं. आत तीन तारा निघाल्या, लाल, काळी आणि हिरवी. प्रत्येकीच्या टोकावरचं रबर काढून आतले तांब्याचे केस त्यांनी पीळ देऊन एक केले. लाल आणि काळी त्यांनी आखूड ठेवली. हिरवी मात्र मुद्दाम लांब.

"ही का मोठी?" मी विचारलं.

"वायरला हिसका बसला तर आधी त्या दोघी सुटाव्यात. ही सगळ्यात शेवटी. ही आपली राखण आहे. करवतीच्या लोखंडात वीज उतरली तर ही तिला कडुनिंबाकडे घेऊन जाते." स्क्रूभोवती तार वळवता वळवता ते थांबले. "मागल्या वेळी मी हिला कापली होती."

मी वायर घट्ट धरून बसले.

"प्लगवरून ओंडक्याच्या गाडीचं चाक गेलं. भुगा झाला. भावाला घाई, खोकी द्यायची होती. दुसरा प्लग मिळेना. मी ओट्यावरच्या पंख्याचा काढला. दोन पायांचा. त्याला दोनच तारा लागतात. ही उरली. मी म्हटलं, दोन तारांवर करवत चालते, तिसरीचं काय काम? कापली, आणि वर चिंधी बांधली."

त्यांनी लाल तार लावली, ओढून बघितली. काळी लावली. बोलणं सुरूच होतं, आवाज मात्र अगदी खाली गेला होता.

"लाकडं तडकू नयेत म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं होतं. त्यानं करवत उचलली आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. तो फार हसरा होता. गडगडाटी हसायचा. त्या दिवशी आवाज करत नव्हता. सगळे दात दिसत होते, मान मागे गेलेली. मला वाटलं माझी गंमत करतोय. मीही हसायला लागलो, सूनबाई. तो हसतोय, मी हसतोय. मग त्याची बायको आतून धावत आली आणि तिनं वायर खेचून काढली. तो पडला. तिनं माझ्याकडे बघितलं, तेव्हाही मी हसतच होतो."

हिरवी तार मोठ्या पायाच्या स्क्रूखाली गेली. नानांनी झाकण बसवलं.  इतके दिवस मी दोघांच्या मधे उभी राहून मीठ आणि भाकरी यांचे निरोप पोचवत होते.

प्लग लावून झाला, आणि नाना उठले. खडावा काढून ठेवल्या. विहिरीचं पाणी आणून वखारीतल्या जमिनीवर ओतलं, बादलीमागून बादली, चिखल होईपर्यंत. मग त्या चिखलात अनवाणी उभे राहिले. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले. पांढरेफटक होते.

"तिला सांगा," ते मला म्हणाले, "मी करवत धरतो. बटण तिनं टाकायचं."

मला पळून जावंसं वाटलं. पण अक्का दारातच होत्या. सगळं ऐकलेलं होतं की नाही कोण जाणे. पदर डोळ्यांपर्यंत ओढून त्या ओट्यावर आल्या.

"त्यास्ले सांग," त्या मला म्हणाल्या, "प्लग उघाडा. माले दखाडा."

नाना ओट्यापाशी आले, झाकण काढलं. अक्का वाकल्या.

"हिरवी कोठे शे?"

नानांनी बोट ठेवलं.

"वढी दखाडा."

नानांनी तार ओढली. ती हलली नाही. अक्कांनी मान डोलावली, झाकण पुन्हा बसवू दिलं, प्लग स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या बटणांच्या फळीत बसवला. आणि मग बटणाकडे न जाता त्या ओट्याच्या पायऱ्या उतरल्या, चिखलात गेल्या आणि त्यांनी करवत उचलली.

"त्यास्ले सांग. करवत मी धरसू. बटन त्यास्नी टाकानं."

"नाही," नाना म्हणाले. "नाही. तिला सांगा, नाही. ठेव म्हणावं खाली. मी मेलो तर चालेल, ती..."

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझी गरज उरली नव्हती. अक्कांनी मान वर केली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा जेठाला थेट म्हणाल्या, "टाका, नाना."

नाना बटणांच्या फळीपाशी गेले. परत आले. प्लग काढला, उघडला, बघितला, मिटला, लावला. बटणावर हात ठेवला, काढला. दुपार टळटळीत होती. कुठे पानही हलत नव्हतं. वखारीतली लाकडंसुद्धा गप्प होती.

"टाका."

त्यांनी बटण टाकलं.

करवत घर्रर्र करून फिरायला लागली, तोच आवाज, मी दुपारी ऐकत होते तोच. अक्का चिखलात उभ्या होत्या. पदर तोंडावरून खाली आला होता, आत चेहरा कसा आहे ते दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त करवतीला घट्ट धरलेले दोन हात. त्या हलत नव्हत्या.

"बोल!" नाना ओरडले. "बोल ना! बोल!"

अक्का बोलल्या नाहीत. नानांचा हात बटणावर होता, पण बोटं वळत नव्हती. मी ते स्वतः पाहिलं. माणूस बटणावर हात ठेवून उभा आहे आणि ते काढू शकत नाही. मला वाटलं, आता हा पुन्हा तेच बघत उभा राहणार. तेवढ्यात अक्का पुढे झुकल्या, करवत समोर आडव्या ठेवलेल्या लाकडाच्या फळीत घातली, आवाज जड झाला, आणि फळीचं टोक चिखलात पडलं.

"मी शे," पदराआडून आवाज आला. "उभी शे."

नानांनी बटण काढलं आणि ते ओट्यावर मटकन खाली बसले. अक्का वर आल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या खडावा उचलून नानांच्या पायांपाशी ठेवल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या संध्याकाळी मी दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकलं. भाजीत मीठ कमी आहे, असं काहीतरी.

दुपारचा तो आवाज मला परत ऐकू आला नाही. नानांना येत होता की नाही, मी विचारलं नाही.

पुढे करवत अक्काच चालवायला लागल्या. विधवा बाई वखारीत करवत धरते म्हणून आळीत बोलणं झालं, मग लोक कंटाळले. खोक्यांचं काम पुन्हा मिळालं. अक्का काम करायला उतरल्या की नाना बटणांच्या फळीखाली स्टूल टाकून बसायचे, हात बटणावर. कुणी गिऱ्हाईक आलं तर उठायचे नाहीत. "करवत बंद झाली की बोलू," म्हणायचे. आणि अक्का कापता कापता मधूनच, मागे न बघता मोठ्याने म्हणायच्या, "शे!" नाना म्हणायचे, "हो, हो."

आमची चाळीसगावला बदली झाली. लढाई संपून गेली होती. एका उन्हाळ्यात नाना गेल्याचं कळलं आणि मी अक्कांना भेटायला जळगावला आले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. रडल्या नाहीत. मला जवळ बसवून सांगितलं.

दुपारची वेळ. त्या फळी कापत होत्या. मधे नेहमीसारखं "शे" म्हणाल्या. उत्तर आलं, नाही आलं, करवतीच्या आवाजात कळलं नाही. आणि फळी अर्धी कापून झाली असताना करवत हातातच थांबली. त्यांनी मागे वळून बघितलं. नाना स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. बटण बंद केलेलं होतं आणि त्यांचा हात बटणावर होता.

अक्का ओट्यावर गेल्या आणि त्यांनी तो हात धरला. तो थंडगार होता, बोटं ताठ झालेली, जीव जाऊन बराच वेळ झाल्यासारखी. वैशाखाच्या दुपारी. सोडवावी लागली एकेक.

मग त्यांनी प्लग काढून उघडला. रोजच्या ओढाताणीने हिरव्या तारेचा स्क्रू ढिला झाला होता. तार सुटून बाहेर आली होती, आणि मुद्दाम लांब ठेवलेलं तिचं टोक वळून लाल तारेच्या पायापाशी गेलं होतं. मधे केस जाईल एवढीच जागा होती. तिथे ते टेकलं असतं, तर जी तार वीज बाहेर न्यायची तीच वीज अक्कांच्या हातात घेऊन आली असती. पायाखाली ओलं होतं.

आमचे हे बरोबर होते. त्यांचा स्वभाव असा की प्रत्येक गोष्ट सरळ करून ठेवायची. ते हलकेच म्हणाले, "अक्का, प्राण जाताना हाताचा भार पडला असेल बटणावर. तेवढ्याने बंद झालं असेल. नंतर तुम्ही घाबरलात, म्हणून हात थंड लागला."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठून त्या बटणांच्या फळीपाशी गेल्या. करवतीच्या बटणाशेजारी दिव्याचं बटण होतं, तसंच जुनं, पितळेच्या टोकाचं. त्यांनी ते बोटाने खाली केलं. ओट्यावरचा दिवा लागला. वर केलं. विझला.

"खाले चालू, वर बंद," अक्का म्हणाल्या. "मरेल माणूसना हात खाले पडस, बाबा. वर नई जास."